मानेतील रोहिणी आणि हृदयाची झडप

मालवणकडच्या वयस्क रुग्णाला हृदयाची झडप बदलण्याचा सल्ला मिळाला, की त्याला बहुधा बांबोळी, कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागते. तेथे शस्त्रक्रियेपूर्वी पुष्कळदा मानेची सोनोग्राफीही करतात. दुखणे छातीत, मग मान कशाला तपासायची? घरच्यांचा हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपण पाहू.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के. पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे 15 टक्के रक्त त्याला लागते. त्यातले बरेचसे मानेच्या दोन बाजूंच्या कॅरॉटिड रोहिण्यांतून जाते. वयपरत्वे या रोहिण्यांत चरबीचे व कॅल्शियमचे थर साचतात. किती फरक पडतो ते फळ्यावर मांडून पाहावे. व्यास निम्मा झाला तर छेदाचे क्षेत्रफळ चौथाई उरते. 70 टक्क्यांनी घटला तर अवघे 9 टक्के!

तरी मेंदू लगेच उपाशी राहत नाही. त्याच्या तळाशी रोहिण्यांचे एक कडे असते. टॉमस विलिस यांनी 1664 मध्ये त्याचे वर्णन केले. बागेतला एक पाट तुंबला तर दुसऱ्याचे पाणी वळवून माड जगवतात, तसेच हे. मात्र छाती उघडून झडप बदलताना हृदय थांबवतात आणि यंत्राने रक्त फिरवतात. तेव्हा रक्तदाब फार उतरला, तर तुंबलेल्या पाटापलीकडच्या भागाला रक्त कमी पडू शकते.

अरुंद रोहिण्या असलेल्यांत शस्त्रक्रियेनंतर पक्षाघात अधिक आढळतो, हे खरे. पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. पुष्कळदा पक्षाघात होतो तो झडपेवरचा किंवा महारोहिणीतला कण सुटून मेंदूत अडकल्याने. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब आणि वय यांनी मान, महारोहिणी व झडप एकाच वेळी बिघडवलेली असते. मानेतला अडथळा ही बहुधा त्या व्यापक आजाराची खूण असते.

फ्रान्समधील आलँ क्रिबिए यांनी 2002 मध्ये जांघेतील रक्तवाहिनीतून नळी नेऊन, छाती न उघडता झडप बसवली. या पद्धतीच्या मोठ्या नोंदींतही मानेतील अडथळ्यामुळे लगेचचा पक्षाघात फारसा वाढलेला दिसला नाही.

म्हणून मानेची रोहिणी सरसकट आधी साफ करीत नाहीत. त्या शस्त्रक्रियेतही पक्षाघाताचा धोका असतोच. नुकताच पक्षाघात किंवा त्याचा झटका येऊन गेला असेल, तर मात्र तिचा आधी विचार होतो. इतरांत रक्तदाब सांभाळून झडप बदलतात.

विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही अचानक दिसले, तर उतार पडायची वाट पाहू नये. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. मालवणहून मोठ्या रुग्णालयापर्यंतचा प्रवासही याच वेळातून वजा होतो.