सांगणं आणि करणं: पुराव्यावर आधारित उपचार मोजायचे कसे?

समजा, तुमचा विषय ठरला: ‘आरोग्य कर्मचारी पुराव्यावर आधारित पद्धती कितपत वापरतात?’ विषय छान आहे. पण गाइडचा पहिला प्रश्न येणार, “मोजणार कसं?”

सोपी वाट म्हणजे तयार प्रश्नावली. अप्टन आणि अप्टन यांची 2006 मधली प्रश्नावली बरीच वापरली जाते. तिच्यात 24 प्रश्न आहेत आणि तीन भाग: प्रत्यक्ष वापर, दृष्टिकोन, ज्ञान व कौशल्य. प्रत्येक उत्तराला 1 ते 7 गुण. भरायला वेळ कमी लागतो, आकडेमोडही सोपी.

मग अडचण कुठे आहे? ‘वापर’ या भागातसुद्धा माणूस स्वतःबद्दल सांगतोय. वर्षभरात संशोधन कितीदा तपासून पाहिलं, हे कुणाला नेमकं आठवणार? शिवाय ‘चांगलं’ उत्तर कोणतं, हे त्याला कळतंच.

हा फरक किती मोठा असू शकतो? ग्रामीण बिहारमधला एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार करणाऱ्यांना जुलाब झालेल्या मुलाची काल्पनिक केस दिली, तेव्हा सुमारे 72 टक्के जणांनी ‘ओआरएस देऊ’ असं सांगितलं. त्यांच्याकडे प्रशिक्षित ‘पालक’ अशाच मुलाची तक्रार घेऊन गेले, तेव्हा ओआरएस लिहून देणारे होते सुमारे 17 टक्के. यातल्या बहुतेकांकडे वैद्यकीय पदवी नव्हती, त्यामुळे हे आकडे सगळ्या डॉक्टरांना लावू नका. पण धडा तुमच्या कामाचा आहे: माहीत असणं म्हणजे करणं नव्हे.

म्हणून साधन निवडण्याआधी नक्की काय मोजायचंय ते लिहून काढा. दृष्टिकोन हवा असेल तर प्रश्नावली चालेल. ज्ञान हवं असेल तर केस देऊन उत्तर तपासा. प्रत्यक्ष वागणूक हवी असेल तर केसपेपर तपासा किंवा निरीक्षण करा. यातही खाचखळगे आहेतच. केसपेपरवर सगळं लिहिलेलं नसतं, आणि कुणी बघतंय म्हटलं की माणूस जास्त काटेकोर वागतो. बनावट रुग्ण पाठवायचे तर एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्यावी लागेल.

आणि वेळ, पैसा कमी असल्यामुळे प्रश्नावलीच वापरणार असाल तरी हरकत नाही. फक्त निष्कर्षात ‘परिचारिका वापरतात’ असं लिहू नका. ‘वापरतो असं परिचारिकांनी सांगितलं’ असं लिहा. एवढ्या एका क्रियापदावर तुमच्या प्रबंधाचा खरेपणा टिकून असतो.