प्रौढांमधील निद्राश्वासरोधाची प्राथमिक तपासणी

निद्राश्वासरोध, अर्थात स्लीप ॲप्निया, हा झोपेत श्वास वारंवार थांबण्याचा किंवा अतिशय उथळ होण्याचा विकार आहे. घोरणे, झोपेत गुदमरणे आणि दिवसा पेंग येणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर अशा रुग्णांना कसे ओळखावे आणि तक्रार नसलेल्या प्रौढांचीही सरसकट तपासणी करावी का, हा वैद्यकशास्त्रातील चर्चेचा विषय आहे.

विकाराचे स्वरूप

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही व्यक्तींमध्ये त्यामुळे श्वसनमार्ग बंद होतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास पुन्हा सुरू करतो. रुग्णाला बहुधा याची जाणीव नसते. श्वास किमान १० सेकंद थांबल्यास तो एक श्वासरोध मानतात. झोपेच्या दर तासाला श्वास थांबण्याच्या व उथळ होण्याच्या घटना ५ ते १४ असल्यास विकार सौम्य, १५ ते २९ असल्यास मध्यम आणि ३० किंवा अधिक असल्यास तीव्र समजतात. स्थूलता, वाढते वय, जाड मान, लहान जबडा आणि मद्यपान यांमुळे धोका वाढतो. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर प्रमाण वाढते. मात्र त्यांची तक्रार अनेकदा थकवा, निद्रानाश किंवा सकाळची डोकेदुखी अशी असल्याने निदान निसटते. उच्च रक्तदाब, विशेषतः औषधांनी आटोक्यात न येणारा, या विकाराशी निगडित आहे.

प्रश्नावल्या

१९९१ साली ऑस्ट्रेलियातील मरे जॉन्स यांनी एपवर्थ निद्रालुता मापनश्रेणी प्रसिद्ध केली. तीत आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता ० ते २४ गुणांत मोजतात. १० पेक्षा अधिक गुण ही अतिनिद्रालुता मानली जाते. २००८ साली कॅनडातील फ्रान्सिस चुंग व सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी मांडलेल्या स्टॉप-बँग प्रश्नावलीत घोरणे, थकवा, इतरांनी पाहिलेला श्वासरोध, रक्तदाब, देहभार निर्देशांक, वय, मानेचा घेर आणि लिंग असे आठ मुद्दे आहेत. तीनपेक्षा कमी गुण हा कमी धोका, तर पाच किंवा अधिक हा जास्त धोका समजतात.

प्रश्नावली धोका दाखवते. निदान करत नाही. निदानासाठी झोपेच्या प्रयोगशाळेत रात्रभर बहुनिद्रालेखन करतात किंवा निवडक रुग्णांना घरी वापरण्याचे उपकरण देतात.

सरसकट तपासणीचा वाद

अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१७ व पुन्हा २०२२ मध्ये असा निष्कर्ष काढला की, लक्षणे नसलेल्या प्रौढांच्या सरसकट तपासणीचे लाभ-हानी ठरवण्यास उपलब्ध पुरावा अपुरा आहे. हा निष्कर्ष तपासणीच्या विरोधातील नाही, तसेच तो लक्षणे असलेल्या रुग्णांनाही लागू नाही. मध्यम ते तीव्र विकारासाठी वापरले जाणारे सीपॅप यंत्र ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये वर्णिले. ते मुखवट्यावाटे हवेचा दाब देऊन श्वसनमार्ग उघडा ठेवते. त्याने दिवसाची पेंग कमी होते. मात्र आधीच हृदयविकार वा मेंदूविकार असलेल्या २,७१७ रुग्णांवरील २०१६ च्या 'सेव्ह' चाचणीत हृदयविकाराचे वा पक्षाघाताचे झटके त्याने कमी झाल्याचे दिसले नाही. म्हणूनच तक्रार नसलेल्यांना शोधून काढल्याने दीर्घकालीन लाभ होईल, हे गृहीत धरता येत नाही.

महाराष्ट्रातील अभ्यास

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांपैकी १९.५ टक्क्यांमध्ये झोपेतील श्वसनदोष आणि ७.५ टक्क्यांमध्ये त्यासोबत दिवसाची निद्रालुता असल्याचा अंदाज त्यात मांडला गेला. अभ्यासात स्त्रियांचा व ग्रामीण लोकसंख्येचा समावेश नसल्याने हे आकडे ग्रामीण भागास जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

यवतमाळ जिल्ह्याचा संदर्भ

२०११ च्या जनगणनेनुसार २७,७२,३४८ लोकसंख्येचा यवतमाळ जिल्हा बहुतांश ग्रामीण असून १६ तालुक्यांत विभागलेला आहे. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालय आणि यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशी येथील शासकीय सेवेची चढती रचना आहे. असंसर्गजन्य रोग कार्यक्रमांतर्गत ३० वर्षांवरील व्यक्तींची आशा कार्यकर्तीकडून प्राथमिक नोंद होते. तीत कंबरेचा घेर, तंबाखू, मद्य व व्यायाम यांविषयी माहिती घेतली जाते. रक्तदाब व मधुमेहाची तपासणी त्यापुढे होते. याच वेळी घोरणे, श्वास अडकणे व दिवसा पेंग येणे यांविषयी विचारणा करण्यास वेगळ्या साधनाची गरज नसते.

प्रश्नावल्या मात्र स्थानिक जीवनाला साजेशा कराव्या लागतात. एपवर्थ श्रेणीतील 'वाचत बसलेले असताना' किंवा 'मोटारीत बसलेले असताना' हे प्रसंग निरक्षर शेतमजुराला गैरलागू ठरतात; एसटीचा प्रवास, भजन किंवा दुपारचे झाडाखाली टेकणे हे प्रसंग त्याला ओळखीचे असतात. स्टॉप-बँगमधील ३५ हा देहभार निर्देशांकही भारतीयांसाठी फार वरचा आहे, कारण भारतीय निकषांनुसार २५ पासूनच स्थूलता धरली जाते. घोरणे म्हणजे गाढ झोप, ही रूढ समजूत असल्याने रुग्ण स्वतःहून ते सांगत नाही. श्वास थांबल्याचे शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीलाच ठाऊक असते. त्यामुळे पती वा पत्नीची साक्ष महत्त्वाची ठरते. पांढरकवड्यावरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वरील मालवाहतूक चालकांसारख्या व्यक्तींच्या बाबतीत पेंग हा केवळ स्वतःच्या प्रकृतीचा प्रश्न राहत नाही.

मर्यादा

थकवा रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, नैराश्य किंवा अपुऱ्या झोपेमुळेही येतो. ही कारणे आधी तपासली जातात. झोपेच्या प्रयोगशाळा मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत आणि सीपॅप यंत्र रोज रात्री वापरावे लागते, त्यासाठी अखंड वीजपुरवठा लागतो. पुढील निदान व उपचाराची सोय नसेल, तर प्रश्नावलीतून केवळ चिंता वाढण्याचा संभव असतो. वजन घटवणे, रात्रीचे मद्यपान टाळणे, कुशीवर झोपणे आणि पेंग येत असताना वाहन न चालवणे हे सल्ले मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रातूनही देता येतात.