मित्र शेजारी असला की चढ कमी वाटतो

वलगावजवळ, पेढी नदीच्या परिसरात, 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण आपलं बळ कशात आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं: हातात खराटा, तोंडी वऱ्हाडी बोली आणि प्रश्न विचारून श्रोत्यांच्याच तोंडून उत्तर काढणारं कीर्तन. त्यातून लोक जोडले गेले, धर्मशाळा उभ्या राहिल्या.

अशा जोडलेल्या माणसांच्या सोबतीचं बळ मोजताही येतं. सिमॉन श्नॉल आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना टेकडीच्या पायथ्याशी उभं करून चढाचा अंदाज विचारला. एकट्या माणसाला चढ जास्त उभा वाटला, मित्र शेजारी असलेल्याला कमी. मैत्री जितकी जुनी, तितका चढ आणखी सौम्य! समोरचं काम केवढं, हे ठरवताना मेंदू आपल्या पाठीशी कोण आहे हेही जमेस धरतो, असा संशोधकांचा तर्क आहे. मला तो मनापासून पटतो.

नापिकीच्या वर्षी बियाण्याला हातउसने पैसे देणारा, दवाखान्यात रात्रभर बसून राहणारा मित्र तुम्हालाही असेल. त्याला आजच फोन लावा. नुसतं ‘धन्यवाद’ नको. त्याच्यामुळे नेमकं काय निभावलं, ते सांगा.