अल्पमोली सुरी, अस्सल धार

वैद्यक मंडळाच्या स्मरणिकेत शिकारी सुऱ्यांवरील लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, हे उघड आहे. आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीवर कडक निर्बंध आले आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर परवान्याने होणारी शिकारही बंद झाली. ते योग्यच झाले. तेव्हा प्रस्तुत लेख शिकारीची भलामण करण्यासाठी नाही. परंतु स्वीडन, फिनलंड, कॅनडा, अमेरिका या देशांत नियमबद्ध शिकार हा ग्रामीण जीवनाचा भाग आहे, आणि तेथील शिकाऱ्यांनी एका साध्या अवजाराची जी पारख पिढ्यान्‌पिढ्या केली, तिच्यात वैद्यकीय व्यावसायिकाने लक्ष द्यावे असे पुष्कळ काही आहे. शेवटी शल्यचिकित्सकाचे अर्धे आयुष्य धारेवरच अवलंबून असते.

या पारखीचा निष्कर्ष थोडक्यात असा की, रानात उत्तम काम देणारी सुरी महाग असावी लागत नाही. पोलादाला नीट दिलेले पाणी, पात्याची बेताची जाडी आणि वापरणाऱ्याने राखलेली धार या तीन गोष्टी जमल्या, की 20 डॉलरांच्या आसपास मिळणारी सुरीही दहापट किमतीच्या सुरीच्या जोडीने काम करते. या तिन्हींपैकी एक जरी चुकली, तरी शिंगाची मूठ आणि नक्षीदार म्यान यांनी ती उणीव भरून निघत नाही.

सुरीने करावयाचे काम

'शिकारी सुरी' म्हटले की डोळ्यांसमोर येते ते चित्रपटातील हातभर लांबीचे, जाड पाठीचे पाते. प्रत्यक्षात सुरीने प्राणी मारला जात नाही. ते काम बंदुकीचे. सुरीचे काम त्यानंतर सुरू होते. पोट उघडून जठर, आतडी व मूत्राशय न फुटता बाहेर काढणे, कातडे सोलणे आणि सांध्यांतून अवयव वेगळे करणे, ही तिची तीन मुख्य कामे होत. यात घाई असते ती मांसासाठी. उघडले नाही तर शरीराची उष्णता आत कोंडून राहते व मांस बिघडू लागते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार मोठ्या वन्य प्राण्याचे विक्रीचे मांस 7 अंश सेल्सिअस वा त्याखाली थंड करावे लागते. आतड्याला एक छिद्र पडले, तर त्यातील मलद्रव्य मांसावर सांडते. म्हणजे येथे एका चुकीच्या फटकाऱ्याची किंमत अन्नाच्या नासाडीने, आणि पर्यायाने व्यर्थ गेलेल्या एका जिवाने, मोजावी लागते.

शरीररचनाशास्त्र शिकलेल्यास हे सांगणे नलगे, की अवयव वेगळा करताना हाड तोडावयाचे नसते. सांध्याची बंधने शोधून कापावयाची असतात. त्यासाठी जड पात्याची गरज नाही. साधारण 10 सेंटिमीटर लांबीचे, पातळ आणि टोकाकडे किंचित वळलेले पाते पुरेसे होते. मूससारखे कित्येक क्विंटल वजनाचे हरीणही स्वीडनमधील शिकारी अशाच आखूड सुरीने सोलतात.

हा विचार नवा नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बोवी पद्धतीच्या भल्यामोठ्या सुऱ्यांचे वेड होते. 'नेसमक' या टोपणनावाने लिहिणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स यांनी 1884 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'वुडक्राफ्ट' या ग्रंथात पातळ पात्याच्या लहान सुरीचा पुरस्कार केला. पुढे 1906 मध्ये होरेस केफार्ट यांनीही जड सुऱ्यांचा मोह सोडण्याचा सल्ला दिला. केफार्ट हे मूळचे सेंट लुईस येथील ग्रंथपाल. लाकूड तोडावयाचे तर कुऱ्हाड घ्यावी, सुरीकडून सुरीचेच काम घ्यावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

पोलादाला पाजलेले पाणी

आपल्याकडील लोहार कोयत्याला वा विळीला 'पाणी पाजतो', तेव्हा तो जे करतो तेच कारखान्यातही घडते. पोलाद ठरावीक तापमानापर्यंत तापवून ते एकदम थंड केले की त्याची अंतर्रचना बदलून ते कठीण होते. साध्या कर्बयुक्त पोलादास सुमारे 800 अंश सेल्सिअस पुरतात, तर न गंजणाऱ्या पोलादास हजाराहून अधिक लागतात. मात्र असे पाते काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून त्यास पुन्हा सुमारे 200 अंशांपर्यंत मंद तापवून थोडी लवचीकता परत देतात. हे दोन टप्पे काटेकोर पार पडले, तर साधे पोलादही सोन्यासारखे वागते.

न गंजणाऱ्या पोलादाची कथा येथे आठवते. शेफिल्डचे हॅरी ब्रिअर्ली यांनी 1913 मध्ये, बंदुकीच्या नळ्यांची झीज रोखण्याच्या प्रयत्नात, क्रोमियमयुक्त न गंजणारे पोलाद तयार केले. त्यापासून केलेल्या सुऱ्या कापत नाहीत, अशी प्रारंभी शेफिल्डच्या कारागिरांनी चेष्टा केली. या नव्या पोलादाला पाणी देण्याची रीत जसजशी बसत गेली, तसतशी ही तक्रार मागे पडली.

आज बाजारात व्हॅनेडियमयुक्त, चूर्णधातुतंत्राने केलेली महागडी पोलादे मिळतात. त्यांची धार अधिक काळ टिकते, हे निर्विवाद. परंतु व्हॅनेडियम कार्बाइडचे कण नेहमीच्या धारेच्या दगडाहूनही कठीण असतात. त्यामुळे अशा सुरीची धार एकदा गेली, की रानात ती परत आणणे जिकिरीचे होते. साध्या पोलादाची धार लवकर मंदावते खरी, पण खिशातील लहानशा दगडावर पाच मिनिटांत पूर्ववत होते. घरापासून दूर काम करणाऱ्यास यांपैकी दुसरा गुण अधिक उपयोगी पडतो.

मोरा गावची सुरी

या साधेपणाचे उत्तम उदाहरण म्हणजे स्वीडनमधील डालार्ना प्रांतातील मोरा गावची सुरी. या परिसरात सुऱ्या घडविण्याची परंपरा सतराव्या शतकापासूनची आहे. 1891 मध्ये फ्रॉस्ट-एरिक एर्सन यांनी तेथे कारखाना काढला, 1912 मध्ये एरिक्सन यांचा दुसरा उभा राहिला, आणि 2005 मध्ये दोन्ही एकत्र आले. 'मोराक्निव' हे त्या उद्योगाचे आजचे नाव. तिकडे सुतार, इलेक्ट्रिशियन, कोळी, शिकारी अशा सर्वांच्या कमरेला ही सुरी दिसते.

तिच्यातील 'कम्पॅनियन' हा प्रकार सर्वाधिक परिचयाचा. सुमारे 10 सेंटिमीटरचे पाते, अडीच मिलिमीटर जाडी, रबरासारखी पकड देणारी मूठ आणि प्लॅस्टिकचे म्यान, एवढाच तिचा संसार. न गंजणाऱ्या प्रकारात स्वीडिश 12 सी 27 हे पोलाद वापरतात. त्यात सुमारे 0.6 टक्के कर्ब व 13.5 टक्के क्रोमियम असते. यातील कार्बाइडचे कण अत्यंत सूक्ष्म असल्याने पात्यास वस्तऱ्यासारखी तलम धार चढते.

तिच्या पात्याची घडण विशेष आहे. पात्याच्या दोन्ही बाजूंस एकेकच रुंद उतार असतो व तो थेट धारेपर्यंत जातो. धार लावताना हा संपूर्ण उतार दगडावर सपाट टेकवावयाचा, की कोन आपोआप साधतो. नवशिक्यासही तो चुकत नाही. प्लॅस्टिकची मूठ आणि म्यान दिसावयास सामान्य, पण रक्त व चरबी धुऊन काढण्यास सोपी. चामड्याच्या सुंदर म्यानात रक्त मुरते ते सहसा निघत नाही. मर्यादाही सांगितली पाहिजे: मुठीच्या आत पात्याचा अंश शेवटपर्यंत जात नाही. म्हणून या सुरीने उचकटणे किंवा लाकडे फोडणे हा तिच्यावर अन्याय होय.

फ्रान्सच्या साव्वा प्रांतातील ओपिनेल हा चाकूही याच कुळातील. जोसेफ ओपिनेल यांनी 1890 मध्ये तो तयार केला, आणि उघडलेले पाते जागच्या जागी पक्के करणारे फिरते कडे त्यास 1955 मध्ये जोडले गेले. साडेआठ सेंटिमीटर पात्याचा 8 क्रमांकाचा चाकू खिशात सहज मावतो व उत्कृष्ट कापतो. मात्र बीच लाकडाची मूठ ओलाव्याने फुगते व पाते उघडणे जड जाते. शिवाय बिजागरीत रक्त साचते. लहान शिकारीस तो पुरे. मोठ्या प्राण्यासाठी स्थिर पात्याची सुरीच बरी.

शस्त्रक्रियागृहातून रानात

आपल्या व्यवसायाशी थेट नाते सांगणारा एक प्रकार अमेरिकेत रूढ झाला आहे. मॉर्गन पार्कर यांना 1915 मध्ये बदलत्या पात्याच्या शस्त्रक्रिया-सुरीचे पेटंट मिळाले, आणि 'बार्ड-पार्कर' हे नाव जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत पोहोचले. हीच कल्पना सिनसिनाटीच्या 'हॅव्हेल्स' या शस्त्रक्रिया-साहित्याच्या कंपनीने 'हॅव्हालॉन' या नावाने शिकाऱ्यांसाठी आणली. पाते बोथट झाले की काढावयाचे, नवे बसवावयाचे. सोलण्याच्या नाजूक कामास त्याला तोड नाही.

परंतु स्काल्पेलचे पाते पिळले वा सांध्यात अडकवले तर तुटते, हे आपण जाणतोच. शस्त्रक्रियागृहात तुटलेला तुकडा शोधल्याखेरीज जखम बंद होत नाही. रानात, अंधारात, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी तो शोधणार कोण? तो मांसात राहिला तर कोणाच्या तरी घशात जाण्याची भीती. पाते बदलतानाही बोटे कापतात. म्हणून जाणकार शिकारी हे पाते कातड्यापुरते ठेवतात आणि सांध्यांसाठी साधी, स्थिर पात्याची सुरी बाळगतात.

हाताची काळजी

बोथट सुरीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती घसरते, आणि घसरलेली सुरी कोठे जाईल याचा नेम नसतो. म्हणून धारदार सुरी ही बोथट सुरीपेक्षा अधिक सुरक्षित. बोटे अडविणारा उंचवटा मुठीला नसेल, तर चरबीने बुळबुळीत झालेला हात पात्यावर सरकतो व बोटांचे आकुंचक स्नायुरज्जू कापले जातात. हा भाग दुरुस्त करणे किती अवघड, हे अस्थिशल्यविशारदांना ठाऊकच आहे. दुसरा धोका मांडीचा. बसून, स्वतःकडे सुरी ओढत कापताना ती सुटली तर फेमोरल रोहिणी अगदी समोर असते. दवाखाना कित्येक किलोमीटर दूर असताना अशी जखम प्राणघातक ठरू शकते. नेहमी शरीरापासून दूर कापावे, दुसऱ्या हातात कापले न जाणारा मोजा व त्यावर नायट्राइलचा मोजा घालावा, हा साधा नियम होय.

मोजा आणखी एका कारणासाठी हवा. कॅलिफोर्नियातील टुलेअरी परगण्यात 1911 मध्ये खारींमध्ये आढळलेला टुलारेमिया हा रोग ससे सोलताना त्वचेवरील बारीक जखमेतूनही शिरतो. हातावर व्रण, काखेत सुजलेल्या ग्रंथी आणि ज्वर, असे त्याचे नेहमीचे रूप. पेनिसिलिन गटातील औषधांनी तो हटत नाही. जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन वा सिप्रोफ्लॉक्सासिन लागते. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे आज उत्तर युरोपात वा अमेरिकेत आहेत. तिकडून परतलेल्या रुग्णाच्या हातावर असा व्रण दिसल्यास, "ससा सोलला होता का?" हा प्रश्न विचारण्यास विसरू नये.

राखणे महत्त्वाचे

कातडे कापताना पाते आतून बाहेर न्यावे. केसांतील माती धारेचा सर्वांत मोठा शत्रू आहे, आणि कापलेले केस मांसावर पडत नाहीत हा दुसरा लाभ. काम संपताच सुरी धुऊन कोरडी करावी. कर्बयुक्त पाते असल्यास तेलाचा हात फिरवावा, कारण रक्तातील क्षार त्यास काही तासांतच गंजवितात. काळानुरूप त्यावर चढणारी करडी झाक मात्र गंज नव्हे. ती एक प्रकारे पात्याचे रक्षणच करते. दगडावर धार लावल्यावर शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाते उलटसुलट फिरवावे, जसे जुने नाभिक वस्तरा फिरवीत.

मूल्यवान सुरी बाळगणारा तिला जपतो, तिला ओरखडा पडू नये म्हणून काम टाळतो, आणि हरवली तर हळहळतो. अल्पमोली सुरी बिनदिक्कत वापरली जाते, रोज धुतली जाते, वारंवार दगडावर घासली जाते आणि म्हणून सदैव तयार असते. उपकरणांच्या किमती वाढत चाललेल्या आजच्या काळात वैद्यकालाही हे लागू पडते. साधन साधे असावे, त्याचे गुण व मर्यादा वापरणाऱ्यास पुरत्या ठाऊक असाव्यात, आणि ते राखण्याची त्याला सवय असावी. मग ती सुरी मोरा गावची असो वा शस्त्रक्रियेच्या टेबलावरील, तिच्या किमतीची विचारपूस कोणी करीत नाही.