धुलाई कारखान्यांतील कामगार स्त्रिया आणि वाजवी वेतनाचा प्रश्न : न्यूयॉर्क, १९३३ ते १९३७

प्रस्तावना :

'लाँड्री' म्हटले की आपल्यासमोर कोपऱ्यावरील इस्त्रीचे दुकान उभे राहते. प्रस्तुत लेखातील लाँड्री हा मात्र वाफेवर चालणारा कारखाना आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यूयॉर्क शहरात असे अनेक कारखाने होते. ओले कपडे झटकणे, तापलेल्या रुळांतून चादरी काढणे, इस्त्री करणे ही कामे प्रामुख्याने स्त्रियांकडे असत. त्यांत कृष्णवर्णीय स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. उष्णता, ओल आणि दिवसभर उभे राहणे हे या कामाचे स्वरूप. काम अल्पावधीत शिकता येत असल्याने एकीला काढून दुसरी नेमणे मालकास अवघड नव्हते. महामंदीत तर ते अधिकच सोपे झाले.

कायदा आणि त्याची मर्यादा :

१९३३ मध्ये न्यूयॉर्क राज्याने स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांच्यासाठी किमान वेतनाचा कायदा केला. त्यानुसार लाँड्रीतील स्त्रियांसाठी ताशी ३१ सेंट हा दर ठरला. ब्रुकलिनमधील एका लाँड्रीचा व्यवस्थापक जोसेफ टिपाल्डो याने हिशेबाच्या वहीत कायदेशीर वेतन दाखविले, प्रत्यक्षात मात्र कमी दिले. त्याला तुरुंगात टाकण्यात आले. त्याच्या सुटकेचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १ जून १९३६ रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा कायदाच घटनाबाह्य ठरविला. करारस्वातंत्र्याचा भंग होतो, हा त्यामागील युक्तिवाद होता. पोटासाठी मिळेल ती मजुरी स्वीकारणाऱ्या स्त्रीच्या करारास 'स्वतंत्र' म्हणणे, हे तर्कापेक्षा शब्दांचेच राज्य म्हणावे लागेल. पुढे २९ मार्च १९३७ रोजी वॉशिंग्टन राज्यातील हॉटेल-कर्मचारी एल्सी पॅरिश हिच्या खटल्यात त्याच न्यायालयाने आपली भूमिका बदलली. यावेळीही मते पाच विरुद्ध चार अशीच होती. न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांचे मत तेवढे दुसऱ्या बाजूस गेले.

तथापि टिपाल्डोच्या वहीने उपस्थित केलेला प्रश्न न्यायालयीन निर्णयाने सुटत नाही. सरकारी निरीक्षक कारखान्यात क्वचित येतो आणि वही पाहून जातो. पाकिटात किती पैसे आले हे जिला ठाऊक आहे, ती स्त्री एकटी असेल तर बोलत नाही. संघटनेची गरज नेमकी येथे निर्माण होते.

संघटनेची बांधणी :

धुलाईच्या व्यवसायात कामगारांच्या बाजूने एक गोष्ट होती : मळलेले कपडे साठवून ठेवता येत नाहीत आणि ते दूरच्या स्वस्त गावी पाठविणेही परवडत नाही. त्यामुळे संपाचा परिणाम तत्काळ जाणवे. परंतु ग्राहकांशी संबंध गाडीवाल्यांचा. ते पुरुष, बहुतांशी गोरे आणि अधिक वेतन घेणारे. ते कपडे आणत राहिले तर आतील स्त्रियांचा संप टिकणे कठीण होई. वर्ण, लिंग व वेतन यांतील हे अंतर ओलांडणे हेच संघटकांपुढील खरे काम होते. त्रिनिदादहून आलेल्या शार्लट ॲडेलमंड आणि ब्रुकलिनमधील डॉली लोथर या लाँड्री-कामगार स्त्रियांनी त्यात पुढाकार घेतला. १९३७ मध्ये हे कामगार सिडनी हिलमन यांच्या अमाल्गमेटेड क्लोदिंग वर्कर्स या वस्त्रकामगार संघटनेत सामील झाले व मालकांशी सामूहिक करार झाले.

१९३८ च्या केंद्रीय वेतन कायद्याने मात्र स्थानिक स्वरूपाच्या बहुसंख्य लाँड्र्यांना वगळले. १९६६ च्या दुरुस्तीने त्यांना त्यात स्थान मिळाले, तेव्हा न्यूयॉर्कमधील त्या पहिल्या करारांना जवळजवळ तीन दशके होत आली होती.