उष्णमानाचे दोन आंकडे

वैशाखांत वाशीम जिल्ह्यांतील ऊन कसें असतें, हें वऱ्हाडांतील वाचकांस सांगावयास नको. अशा दिवसांत पारा ४२ अंशांवर गेल्याचें वर्तमानपत्रांत येतें, आणि घरांतील कांचेचा थर्मामीटर मात्र निरोगी मनुष्याच्या अंगीं ९८ अंश दाखवितो. तेव्हां उन्हाहून माणूसच अधिक तापला कीं काय, असें चौकस मुलें विचारतात. हा प्रश्न हंसण्यावारी नेऊं नये.

वर्तमानपत्रांतील अंश सेल्सियसचे व थर्मामीटरावरील अंश फॅरनहीटचे. फॅरनहीटनें आपली श्रेणी १७२४ सालीं प्रसिद्ध केली. तिच्या आजच्या रूपांत पाणी ३२ अंशांवर गोठतें व २१२ अंशांवर उकळतें. स्वीडनमधील ज्योतिषी सेल्सियस यानें १७४२ सालीं याच दोन बिंदूंमध्यें शंभर भाग कल्पिले. मात्र त्यानें उकळत्या पाण्यास शून्य व गोठत्या पाण्यास शंभर म्हटलें होतें. तो क्रम पुढें उलटविण्यांत आला. एकाचे १८० अंश ते दुसऱ्याचे १००, म्हणून प्रमाण ९ : ५ चें झालें. तथापि केवळ त्रैराशिकानें येथें भागत नाहीं. कारण दोहोंचें शून्य एका ठिकाणीं नाहीं.

आम्ही विद्यार्थ्यांस तोंडी हिशेबाची रीत सांगत असूं ती अशी : सेल्सियसचा आंकडा दुप्पट करावा, त्यांतून दशांश वजा करावा व मग ३२ मिळवावे. ४२ ची दुप्पट ८४, त्यांतून ८.४ जातां ७५.६, त्यांत ३२ मिळवितां १०७.६. उलट हिशेबांत प्रथम ३२ वजा करावे, बाकीचें निम्मे करावें व त्यांत त्याचाच नवमांश मिळवावा. १०४ मधून ३२ जातां ७२, निम्मे ३६, नवमांश ४, एकूण ४०.

रुग्णाच्या उशाशीं या हिशेबाचें महत्त्व फार. नवे डिजिटल थर्मामीटर पुष्कळदां सेल्सियसचा आंकडा दाखवितात. जुन्या आंकड्यांची संवय असलेल्या वडील मंडळींनीं ३९ पाहून निर्धास्त राहूं नये, तो १०२.२ अंशांचा ताप होय.

आणखी एक भेद ध्यानीं धरावा. उष्णमान सरासरीपेक्षां ४.५ अंशांनीं चढलें, असें हवामानखातें सांगतें तेव्हां ३२ मिळवूं नयेत. दोन उष्णमानांच्या अंतराशीं शून्याचा संबंध नाहीं. तेथें त्रैराशिक पुरतें, व उत्तर ८.१ येतें.

प्रत्येक गृहिणीनें औषधांच्या कपाटाच्या दाराला आंतून एवढें टिपण लावून ठेवावें : ३७ म्हणजे ९८.६, ३८ म्हणजे १००.४, ३९ म्हणजे १०२.२, ४० म्हणजे १०४. मध्यरात्रीं मूल तापलें असतां गणित करीत बसण्याची पाळी येणार नाहीं.