ब्रेक-पॅडचा घसारा : घरी काय करावे, काय करू नये

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास ‘घसारा’ हा शब्द प्रथम ताळेबंदात भेटतो. यंत्र वापरले की त्याचे मूल्य घटते आणि ती घट वर्षअखेरीस हिशेबात घ्यावी लागते, एवढा त्याचा अर्थ. मोटारगाडीत मात्र एक भाग असा आहे की, ज्याचा घसारा टक्क्यांत नव्हे, तर मिलिमीटरमध्ये मोजावा लागतो. तो भाग म्हणजे ब्रेक-पॅड. झिजणे हेच त्याचे काम आहे. तो झिजतो म्हणूनच गाडी थांबते. प्रश्न एवढाच की, ही झीज वेळेवर पाहण्याची जबाबदारी कोणाची?

याचे उत्तर तीन कागदपत्रांत सापडते. वाहन-कर्जावर घेतलेली गाडी बँकेकडे नजरगहाण असते. ताबा ग्राहकाकडे राहतो आणि ती सुस्थितीत ठेवण्याचे दायित्वही त्याच्याकडेच असते. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत सर्वसाधारण झीज व यांत्रिक बिघाड यांची भरपाई वगळलेली असते. शिवाय वाहन कार्यक्षम स्थितीत राखण्याची अट विमाधारकावर घातलेली असते. मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील कलम 190 त्याहून पुढे जाते. ज्या दोषामुळे वाहन धोकादायक ठरते असा दोष चालकास ठाऊक असेल, किंवा सामान्य दक्षता घेतली असती तर ठाऊक होऊ शकला असता, तर असे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविणे हा गुन्हा आहे. तात्पर्य, ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर पुरेसे नाही. पाहणे हेच कर्तव्य आहे.

डिस्क ब्रेक कसा काम करतो?

डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1902 मध्ये तिचे एकस्व घेतले. परंतु ती खऱ्या अर्थाने नावारूपास आली ती 1953 मध्ये, जेव्हा फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक बसविलेल्या जॅग्वार गाडीने जिंकली. आपल्याकडील अँबॅसडरला दीर्घकाळ चारही चाकांना ड्रम ब्रेकच असत. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढील चाकांना डिस्क आणि मागील चाकांना ड्रम अशी व्यवस्था आढळते. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो व थांबविण्याचे बरेचसे काम पुढील चाकांवर येते, हे त्यामागील कारण.

चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी म्हणजे डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे कवेत घेणारा भाग म्हणजे कॅलिपर. पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधील पिस्टन पुढे सरकतो व दोन पॅड डिस्कवर आवळले जातात. एक हजार किलो वजनाची गाडी ताशी 60 किलोमीटर वेगाने धावत असताना तिच्यात सुमारे 1 लाख 39 हजार ज्यूल ऊर्जा असते. एवढ्या ऊर्जेने एक लिटर पाण्याचे तापमान 33 अंश सेल्सिअसने वाढेल. गाडी थांबते तेव्हा ही ऊर्जा मुख्यतः डिस्क व पॅड यांच्या घर्षणातून उष्णता होऊन बाहेर पडते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, हेही ध्यानात ठेवावे.

रायपूरच्या वाचकांना या उष्णतेचा अर्थ सांगावयास नको. जगदलपूरकडे जाताना केशकाळ घाटातील वळणे, किंवा जबलपूरच्या वाटेवरील चिल्फी घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर ठेवला तर डिस्क व पॅड अतिशय तापतात आणि पकड मंदावते. म्हणून उतारावर खालचा गिअर वापरावा, हा जुन्या चालकांचा दंडक आजही तितकाच खरा आहे. शहरातील वाहतुकीत उष्णता कमी असते. पण क्षणोक्षणी थांबावे लागत असल्याने झीज निमूटपणे चालूच राहते.

झीज कशी ओळखावी?

नव्या पॅडवर घर्षणद्रव्याचा थर साधारणतः 10 ते 12 मिलिमीटर असतो. तो 3 मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलावेत. अनेक पॅडना पोलादाची बारीक पट्टी असते. थर संपत आला की ती डिस्कला घासून किरकिर आवाज करते. हा आवाज म्हणजे सूचनापत्र समजावे. ते दुर्लक्षिले तर घर्षणद्रव्य पूर्ण संपते, पॅडची लोखंडी पाठ डिस्कवर घासू लागते, खरखर ऐकू येते आणि डिस्कवर खोल चरे पडतात. वाणिज्याच्या भाषेत सांगायचे तर, पॅडचा किरकोळ महसुली खर्च टाळल्याने डिस्कचा मोठा खर्च ओढवून घेतला जातो.

डिस्कचीही किमान जाडी ठरलेली असते व ती बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. त्याहून पातळ झालेली, तडा गेलेली किंवा खोल चरे पडलेली डिस्क बदलावीच. ब्रेक दाबताना पेडल किंवा स्टिअरिंग थरथरत असेल, तर डिस्कची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नाही किंवा ती डुलत फिरते, असा संशय घ्यावा. पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज दिसतो. तो मात्र वरवरचा असतो व पहिल्या काही ब्रेकांत निघून जातो.

पूर्वतयारी

पुढील चाकांचे पॅड व डिस्क घरी बदलणे हस्तकौशल्य असलेल्या माणसास अशक्य नाही. मात्र घाईचे काम नव्हे. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतील सूचना आधी वाचाव्यात. पॅड व डिस्क नेहमी दोन्ही चाकांचे एकाच वेळी बदलावेत. एकाच बाजूचे बदलल्यास गाडी ब्रेक लावताना एकीकडे ओढली जाते.

जागा सपाट व कठीण हवी. छत्तीसगढमधील कन्हार, म्हणजे काळी माती, पावसानंतर इतकी मऊ होते की जॅक तीत रुततो. मुरमाड अंगणही भरवशाचे नसते. काँक्रीटची फरशी सर्वांत उत्तम. हँडब्रेक ओढावा, मागील चाकांना लाकडी गुटके लावावेत आणि चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत.

यापुढील सूचना या लेखातील सर्वांत महत्त्वाची आहे. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, तोलून धरण्याचे नव्हे. गाडी उचलल्यावर पुस्तिकेत दाखविलेल्या जागी लोखंडी जॅक स्टँड लावून गाडीचा भार त्यावर उतरवावा. विटा रचून काम भागवू नये. भाराखाली वीट अचानक फुटते. काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवावे, म्हणजे अधिकची सुरक्षितता मिळते.

प्रत्यक्ष काम

एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे काही विसरल्यास दुसरी बाजू नमुन्यादाखल समोर असते. कॅलिपर मागील बाजूने दोन बोल्टनी बसविलेला असतो. अनेक गाड्यांत खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर फिरविता येतो. पूर्ण काढल्यास तो तारेने स्प्रिंगला बांधून ठेवावा. रबरी नळीवर कधीही लोंबकळू देऊ नये.

जुने पॅड काढताना आतील कोणता, बाहेरील कोणता, हे पाहून ठेवावे. दोहोंची झीज असमान असेल, तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या अडकल्या असण्याची शक्यता असते. त्या स्वच्छ करून ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे. पॅडवरील धूळ तोंडाने किंवा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते व त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ओल्या कापडाने ती टिपून घ्यावी.

डिस्क बदलायची असल्यास कॅलिपरचा कंस त्याच्या दोन घट्ट बोल्टांसह काढावा लागतो. गंजामुळे डिस्क चिकटली असेल आणि तिच्यात आटे असलेली दोन छिद्रे असतील, तर त्यांत बोल्ट समप्रमाणात आवळत गेल्यास ती सुटते. नवी डिस्क बसविण्यापूर्वी हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने चकचकीत करावा. तेथे गंजाचा कण राहिला तरी डिस्क डुलते. नव्या डिस्कवरील संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसावे.

नवे पॅड जाड असल्याने पिस्टन मागे ढकलावा लागतो. टाकीचे झाकण सैल करून, जुना पॅड मध्ये धरून सी-क्लॅम्पने तो हळूहळू दाबावा. या वेळी ब्रेक ऑइलची पातळी वर चढते. ते सांडल्यास गाडीचा रंग खराब होतो, म्हणून लक्ष ठेवावे. सर्व बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या मापानेच टॉर्क रेंचने आवळावेत. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत.

गाडी हलविण्यापूर्वी

पिस्टन मागे गेलेला असल्याने पहिल्या दाबात पेडल थेट खाली जाते व ब्रेक लागत नाही. म्हणून गाडी सुरू करण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत सावकाश अनेकदा दाबावे आणि ऑइलची पातळी तपासावी. फाटकाबाहेर पडण्यापूर्वी अंगणातच चालण्याच्या गतीने ब्रेक पाहावा. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर साधारण 50 च्या वेगावरून दहाएक वेळा सौम्य ब्रेक लावून गती कमी करावी व मध्ये ब्रेक थंड होऊ द्यावा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर, आणीबाणी वगळता, जोराचा ब्रेक टाळावा. पॅड व डिस्क यांचे पृष्ठभाग या काळात एकमेकांशी जुळतात.

कार्यशाळेवर सोपवावयाची कामे

आपली मर्यादा ओळखणे हाही कौशल्याचाच भाग होय. ऑइलची गळती, नळीला तडे, दाबल्यावर स्पंजासारखे मऊ लागणारे पेडल किंवा एबीएसचा पेटलेला दिवा आढळल्यास काम कार्यशाळेकडे न्यावे. 1 एप्रिल 2019 पासून भारतात सर्व नव्या मोटारगाड्यांना एबीएस सक्तीचे झाले आहे. मागील चाकांना डिस्क व विजेवर चालणारा हँडब्रेक असेल, तर पिस्टन मागे घेण्यास विशेष उपकरण लागते. तेथे बळजबरी करू नये. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते व त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट 3 प्रकारच्या ताज्या ऑइलसाठी तो किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 140 अंश आहे. घाटात असे ऑइल उकळले तर पेडल निकामी होते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलून घेणे हिताचे.

पॅड स्वतः बदलावेत की मेकॅनिककडून बदलून घ्यावेत, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा व सवडीचा प्रश्न आहे. पॅड किती उरले आहेत हे पाहणे मात्र प्रत्येकाचे काम आहे. अनेक गाड्यांत चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्चच्या उजेडात पॅड दिसतात; न दिसल्यास टायरची अदलाबदल करताना चाक निघतेच, तेव्हा पाहावेत. कर्जाच्या हप्त्याची तारीख आपण विसरत नाही. त्याच दैनंदिनीत वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, ‘ब्रेक पाहणे’ एवढे दोन शब्द लिहून ठेवावेत.